तबरीझकर वस्तादांची सही

सदर : इमारतींच्या गोष्टी

मंडळी, यंदाची गोष्ट एका शब्दापासून सुरू करतो. शब्द आहे 'महिरप'. पाडव्याच्या ताटाभोवती आपण रांगोळीची महिरप काढतो, गणपतीच्या मखराला महिरप लागते, जुन्या वाड्याच्या सोप्यात लाकडी महिरपी असतात. हा शब्द आपल्याकडे अरबी 'मेहराब'वरून, फारसीच्या वाटेनं आला. मशिदीत मक्केची दिशा दाखवणारा, भिंतीत आत घेतलेला कमानदार कोनाडा म्हणजे मेहराब. शब्द मराठीत आला तेव्हा मूळ काम मागे राहिलं, आकार तेवढा आपल्याबरोबर आला आणि थेट ताटाभोवती जाऊन बसला.

माझ्या पाहण्यातली सगळ्यात देखणी महिरप तुर्कस्तानात बुर्सा या शहरी आहे. मशिदीचं नाव येशिल जामी, म्हणजे हिरवी मशीद. तिथली महिरप दहा मीटरहून उंच आहे. आपल्याकडच्या तीन मजली घराएवढी, आणि वरपासून खालपर्यंत रंगीत मुलाम्याच्या फरश्यांनी मढवलेली. तिच्यावर कारागिरांची एक छोटी सही आहे. फारसीत आहे, पण मराठी माणसाला ती शब्दकोश न उघडता बरीचशी कळते : 'अमल-ए उस्तादान-ए तबरीझ'. अमल म्हणजे काम, आपल्या 'अंमलबजावणी'तला अंमल तोच. उस्ताद म्हणजे आपल्या तालमीतले वस्ताद. तबरीझ हे इराणातलं शहर. 'तबरीझच्या वस्तादांचं काम.' बस. वस्ताद किती होते, कोण होते, कोणाचा मुलगा कोण, काही नाही. फक्त गाव.

आपल्यात निम्म्या लोकांच्या आडनावात गाव आहे. सातारकर, लांजेकर, पेडणेकर. कधीकाळी कुणीतरी गाव सोडून दुसरीकडे गेला आणि तिथल्या लोकांनी त्याला त्याच्या गावाच्या नावानं हाक मारली, तेव्हा ते 'कर' चिकटलं. गावातच राहणाऱ्याला गावाचं आडनाव लागायचं कारण नसतं. म्हणून ती सही पाहिल्यावर मी तिचं भाषांतर लगेच करून टाकलं : तबरीझकर वस्ताद.

हे तबरीझकर बुर्साला कसे पोचले, ही या वर्षीची गोष्ट.

उस्मानी तुर्कांनी बुर्सा घेतलं १३२६ साली, आणि ती त्यांची पहिली मोठी राजधानी झाली. एका बाजूला उलुदाग हा अडीच हजार मीटर उंचीचा डोंगर, समोर सुपीक मैदान, रेशमाचा व्यापार. चौदाव्या शतकाच्या अखेरीला सुलतान बायेझीद पहिला इथे वीस घुमटांची मोठी जामी मशीद बांधत होता. राज्य वाढत होतं, पैसा येत होता. आणि मग १४०२ साली अंकाराजवळ तैमूरलंगाशी गाठ पडली. हा तोच तैमूर, ज्यानं चारच वर्षं आधी दिल्ली लुटली होती. बायेझीद हरला, पकडला गेला आणि पुढच्या वर्षी कैदेतच वारला. तैमूरच्या फौजेनं बुर्सा लुटलं, जाळलं.

तैमूरची एक सवय होती. तो जिंकलेल्या शहरातून सोनंनाणं न्यायचाच, पण कारागीरही न्यायचा. दिल्लीचे पाथरवट, दमास्कसचे विणकर आणि काचकाम करणारे, असे ठिकठिकाणचे लोक त्यानं समरकंदला नेऊन आपली राजधानी सजवून घेतली. बुर्साहूनही माणसं गेली. त्यांत एक लहान मुलगा होता, अली नावाचा. बापाचं नाव इलियास अली. बुर्सा ते समरकंद हे अंतर सरळ रेषेत मोजलं तरी तीन हजार किलोमीटरहून जास्त आहे. या मुलाकडे आपण परत येऊ.

इकडे बायेझीदची मुलं गादीसाठी एकमेकांशी अकरा वर्षं लढली. शेवटी १४१३ साली चेलेबी मेहमेत, म्हणजे मेहमेत पहिला, एकटा उरला. त्याच साली भाऊ भावाशी लढत असल्याची संधी साधून करामानच्या अमिरानं बुर्साला वेढा घातला. सुमारे महिनाभर किल्ला लढवणारा अधिकारी होता हाजी इवाझ पाशा. पुढे सुलतानानं आपल्या मशिदीचं काम सोपवलं ते याच हाजी इवाझवर. किल्ला सांभाळणारा माणूस वास्तुकार कसा, असा प्रश्न आज पडतो. त्या काळी पडत नसे. बांधकामाची आखणी, माणसं जमवणं, पैसा आणि माल यांचा मेळ घालणं, हे सगळं एकाच माणसाकडे असायचं. पंधराव्या शतकातला इतिवृत्तकार आशिकपाशाझादे याच्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट नोंदवतो : परमुलखातून कसबी लोक आणि उस्ताद या देशात पहिल्यांदा आणले ते हाजी इवाझनं.

म्हणजे लुटीत कारागीर गमावलेलं शहर, दहा-पंधरा वर्षांनी, पगार देऊन बाहेरचे कारागीर बोलावत होतं. आपल्यासारखेच, कंत्राटावर आलेले.

आता मशिदीत जाऊ.

बाहेरून इमारत लहानच वाटते. टेकडीच्या उतारावर बांधलेल्या ओट्यावर ती उभी आहे, पांढऱ्या-करड्या संगमरवराची. दर्शनी दरवाजा मात्र उंच, आणि त्याच्या माथ्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी खाली उतरत येणारी दगडी नक्षी. दारावरच्या लेखात बांधकाम हिजरी ८२२ च्या झिलहिज महिन्यात, म्हणजे इसवी सनाच्या १४१९ च्या अखेरीस किंवा १४२० च्या आरंभी पुरं झाल्याचं सांगितलंय. आतल्या सजावटीवरच्या लेखातली तारीख आहे हिजरी ८२७ चा रमजान, म्हणजे १४२४ चा ऑगस्ट. आखातात बांधकामाच्या धंद्यात असलेल्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. कम्प्लीशन सर्टिफिकेट आधी, आणि स्नॅग लिस्ट पुढची साडेचार वर्षं.

दारातून आत गेलं की आधी एक बुटका, अंधारा बोळ लागतो. दोन्ही बाजूंना वर जाणारे जिने. आणि मग एकदम उंच, उजेडाची जागा. वर घुमट, घुमटाच्या माथ्यातून उजेड, आणि बरोबर त्याखाली जमिनीत संगमरवरी हौद, त्यात कारंजं. मशिदीत शिरल्यावर मध्यभागी पाणी पाहून पहिल्यांदा कुणीही थबकतो. पण वाड्यात वाढलेल्या माणसाला ही जागा लगेच ओळखू येईल. हा चौक आहे. जुन्या मदरशांच्या मध्यावर उघडा चौक असायचा, भोवती ओवऱ्या, मध्ये हौद. उस्मानी बांधकाम करणाऱ्यांनी बुर्साच्या थंडीपावसात त्या चौकावर घुमट ठेवला आणि उजेडापुरतं वर भोक सोडलं. हौद जागच्या जागी राहिला.

या चौकाच्या पुढे, काही पायऱ्या चढून, दुसऱ्या घुमटाखाली नमाजाची जागा आणि समोर ती महिरप. चौकाच्या डाव्या-उजव्या अंगांनाही खोल्या आहेत. त्यामुळे नकाशा पाहिला तर इंग्रजी 'टी' अक्षर उलटं ठेवल्यासारखा दिसतो. सुरुवातीच्या उस्मानी मशिदींचा हा ठरलेला नकाशा. इस्तंबूलमध्ये आपण ज्या प्रचंड, एका घुमटाखालच्या मशिदी बघतो, त्या शंभर-दीडशे वर्षं पुढच्या.

बाजूच्या खोल्या कशासाठी? पाहुण्यांसाठी. फिरस्ते दरवेश, वाटसरू, गावात कामासाठी आलेली माणसं. काही खोल्यांत शेकोटीच्या चुली आहेत आणि भिंतीत चुन्याच्या गिलाव्यात घडवलेले नाजूक कोनाडे, सामान ठेवायला. त्या काळातल्या रीतीप्रमाणे आलेल्याला तीन दिवस जेवण आणि निवारा मिळायचा, तू कोण, कुठला, असं फारसं न विचारता. शेजारी मदरसा होता, हमामखाना होता आणि मुदपाकखानाही. या मुदपाकखान्याला तुर्की भाषेत म्हणतात 'इमारेत'. आपल्याकडे त्याच शब्दाची 'इमारत' झाली आणि तिच्यातलं जेवण नाहीसं झालं. या सदराचं नाव बदलून 'मुदपाकखान्याच्या गोष्टी' करावं का, असं संपादकांना विचारायला हवं.

सोळाव्या शतकानंतर ही पद्धत मोडत गेली. पाहुण्यांच्या खोल्या भिंती काढून नमाजाच्या दालनात सामावून घेण्यात आल्या, नव्या मशिदी केवळ मशिदी म्हणून बांधल्या जाऊ लागल्या. येशिल जामीत मात्र तो जुना विचार दगडात शाबूत आहे : देवाचं घर आणि परक्याचं घर एका छपराखाली.

आणि या सगळ्यावर हिरवा-निळा रंग. भिंतींच्या खालच्या भागात गडद हिरव्या षटकोनी फरश्या. काहींवर सोनेरी नक्षीच्या खुणा अजून दिसतात. महिरपीवर निळा, पिवळा, पांढरा, काळा, जांभळटही. एकाच फरशीवर इतके रंग एकमेकांत न मिसळता कसे राहिले, हा कामाचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर छान आहे. भाजलेल्या मातीच्या फरशीवर आधी नक्षीची रेघ काढायची. ती रेघ मँगेनीज आणि कुठल्यातरी तेलकट पदार्थाच्या मिश्रणाची. मग रेघांच्या मधल्या जागांत मुलाम्याचे पाणीदार रंग भरायचे. तेल आणि पाणी मिसळत नाही, म्हणून ओला रंग रेघ ओलांडत नाही. भट्टीत तेल जळून जातं आणि रंगांच्या मध्ये बारीक, कोरडी काळी रेघ उरते. युरोपात या पद्धतीला स्पॅनिश नावानं ओळखतात, 'कुएर्दा सेका', म्हणजे सुकी दोरी. रांगोळीत आधी पांढरी रेघ आणि मग रंग भरतो, तसंच. फक्त इथले रंग ओले असतात आणि मग सगळी रांगोळी भट्टीतून काढायची असते.

हे तंत्र बुर्साचं नव्हतं. ते पूर्वेकडून आलं, इराण आणि मध्य आशियातून, जिथे तैमूर आणि त्याच्या मुलांनी गोळा केलेल्या कारागिरांच्या हातून ते फुललं होतं. आणि ते घेऊन येणाऱ्यांत तबरीझकर वस्ताद होते, तसाच बुर्साचा एक माणूसही होता.

चौकात उभं राहून पाठीमागे, दाराच्या वरच्या बाजूला पाहिलं की सुलतानाची खासगी बैठक दिसते. बोळातले जिने तिकडेच जातात. तिथून सुलतान समोर थेट महिरपीकडे तोंड करून नमाज पढायचा. फरश्यांनी मढवलेली ती बैठक म्हणजे दागिन्यांची उघडी पेटी आहे. तिच्यावर लिहिलंय की या इमारतीची नक्षी अली बिन इलियास अली यानं १४२४ साली पुरी केली. हाच तो, लहानपणी समरकंदला नेलेला मुलगा. सोळाव्या शतकातले चरित्रकार सांगतात की तो तिथे नक्काशी शिकला आणि पुढे परतला. गावात त्याला नक्काश अली म्हणत. नक्काश, म्हणजे नक्षी काढणारा. आपली 'नक्षी' याच घराण्यातली. त्याचा नातू लामी चेलेबी पुढे नावाजलेला कवी झाला.

ही गोष्ट वाचली तेव्हा मी बराच वेळ तिच्यावरच अडकलो. कारण आपल्या मंडळात दर वर्षी दोन-चार घरं सामान बांधतात. कुणाचं काम संपतं, कुणाचे आईवडील थकतात, कुणाची मुलं कॉलेजला जायच्या वयाची होतात. आखाताची ही गंमत आहे : इथे तीस वर्षं राहिलेला माणूसही व्हिसाच्या तारखेपर्यंतचा रहिवासी असतो. अमेरिकेतल्या मंडळींसारखं 'आम्ही इथलेच झालो' असं म्हणायची सोय नाही. निघणारा प्रत्येक जण निरोपाच्या जेवणात एकच बोलून दाखवतो : वीस वर्षं बाहेर काढली, आता तिकडे माझा उपयोग काय? तिथली माणसं पुढे गेली, माझी जागा भरून निघाली.

नक्काश अली परतला तेव्हा त्याची जागाही भरून निघाली असणार. ज्या शहरातून त्याला ओढून नेलं, ते जळलं होतं. बालपणीची भाषा त्याच्या जिभेवर कितपत राहिली होती, कोण जाणे. पण तो जे शिकून आला, ते बुर्सात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. ज्यांनी त्याचं शहर लुटलं, त्यांच्याच राजधानीत शिकलेली कला त्यानं त्याच शहराच्या भिंतीवर लावली. त्याबद्दल त्याला काय वाटलं, हे त्यानं कुठे लिहून ठेवलेलं नाही. लिहिलंय फक्त आपलं नाव, बापाचं नाव आणि तारीख.

येशिल जामीत अशा सह्या अनेक आहेत, आणि त्या काळच्या मानानं हे विशेष आहे. दारापाशी हाजी इवाझचं नाव. सुलतानाच्या बैठकीत नक्काश अलीचं. त्याच बैठकीच्या फरश्यांत आणखी एक, महंमद अल-मजनून, म्हणजे वेडा महंमद. लैला-मजनूमधला मजनू तोच शब्द. आपल्या कामावर 'वेडा' म्हणून सही करणारा माणूस भेटायला आवडला असता. आणि महिरपीवर, इमारतीतल्या सगळ्यात मानाच्या जागी, तबरीझकर.

हे सगळं पाहताना माझ्या डोक्यात माझं टेबल होतं. गेली एकोणीस वर्षं मी दुबईत बांधकामाचे नकाशे काढतो. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिच्यात तीन खाने : काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. पहिल्या खान्यात माझी आद्याक्षरं. इमारत उभी राहिली की ते नकाशे कुठल्यातरी सर्व्हरवर जाऊन झोपतात. टॉवरवर नाव लागतं ते मालकाचं. याबद्दल माझी तक्रार नाही, पगार वेळेवर मिळाला आणि काम आवडीचं होतं. पण साइटवर मी एक गोष्ट वारंवार पाहिलीय. जमिनीवर फरशी बसायच्या आधी ओल्या कोब्यावर कामगार खिळ्यानं काहीतरी लिहितात. मल्याळी, बंगाली, उर्दू, हिंदी. एकदा एका जिन्याखाली, पाण्याच्या टाकीच्या जागेजवळ, मराठीत दिसलं : 'लांजा २०१४'. नाव नाही. कोण होता तो, सेंट्रिंगवाला की प्लंबर, विचारायला गेलो तर टोळी दुसऱ्या साइटवर गेलेली. आठवड्याभरात त्यावर फरशी बसली. ती अक्षरं अजून तिथेच आहेत, फरशीखाली.

येशिल जामीतल्या सहीत आणि त्या सहीत फरक एवढाच, की हाजी इवाझनं तबरीझकरांना फरशीच्या वर लिहू दिलं. मला वाटतं, त्या इमारतीचं मोठेपण नुसतं रंगात नाही, यातही आहे. उद्ध्वस्त झालेल्या शहरात नव्यानं उभ्या राहणाऱ्या सुलतानानं, आपल्या नावाच्या मशिदीत, परक्या शहराचं नाव महिरपीवर येऊ दिलं. तबरीझ तेव्हा त्याच्या राज्यातही नव्हतं.

तबरीझकर तिथेच थांबले नाहीत. त्यांच्या हातचं काम पुढे दुसरी राजधानी एडिर्ने इथेही, सुलतान मुराद दुसऱ्याच्या मुरादिये मशिदीत दिसतं. ती १४३० च्या दशकातली. म्हणजे एक पिढीभर हे लोक या देशात काम करत होते. आणि येशिल जामीसमोरच्या उंचवट्यावर मेहमेतची अष्टकोनी कबर आहे, येशिल तुर्बे. तिच्या लाकडी दारांवर सुताराची सही आहे, अली बिन हाजी अहमद तबरीझी. हा मात्र पुरा सापडला : नाव, बाप आणि गाव. तबरीझकर आडनावासकट.

ती कबर तिथे लवकर आली, हे मशिदीचं दुर्दैव. मेहमेत १४२१ साली एडिर्नेत वारला. वारस मुराद बुर्साला पोचेपर्यंत, चाळीसेक दिवस, दरबाऱ्यांनी मृत्यूची बातमी लपवून ठेवली, पुन्हा भाऊबंदकी नको म्हणून. आतली सजावट मुरादच्या काळात पुरी झाली, पण बाहेरचं काम थांबलं ते थांबलंच. दर्शनी भिंतीसमोर उभं राहून नीट पाहा. भिंतीतून ठराविक अंतरावर कमानींचे पहिले दगड बाहेर आलेले दिसतात. पुढे मंडप यायचा होता, खांब, कमानी, छोटे घुमट. तो आलाच नाही. काही खिडक्यांच्या चौकटींवरची कोरीव नक्षीही अर्ध्यावर सुटलेली आहे. या मंडपाला तुर्की भाषेत 'सोन जमाअत येरी' म्हणतात, शेवटच्या जमावाची जागा. नमाज सुरू झाल्यावर जे उशिरा पोचतात, त्यांनी आत धक्काबुक्की न करता तिथे उभं राहायचं. येशिल जामीत उशिरा येणाऱ्यांसाठी सहाशे वर्षं नुसते दगड तयार आहेत.

इथे एक आडवाटेचा दुवा, आपल्या मुलखाशी जोडणारा. विजापूरच्या दरबारात इतिहास लिहिणाऱ्या फरिश्तानं एक कथा दिली आहे. मुरादचा मुलगा मेहमेत दुसरा १४५१ साली गादीवर आला, तेव्हा त्यानं धाकट्या भावाला मारायचा हुकूम दिला. आईनं त्या मुलाला एका व्यापाऱ्याच्या हाती गुपचूप बाहेर काढलं. तो मुलगा इराणमार्गे दख्खनेत आला आणि विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलशहा झाला. इतिहासकार ही कथा सिद्ध मानत नाहीत. नव्या राजघराण्याला जुनं कुळ लागतं, हे आपल्यालाही ठाऊक आहे. पण ज्या दरबारात पुढे शहाजीराजांनी चाकरी केली, तो दरबार स्वतःला या येशिल जामीच्या मेहमेतचा वंश म्हणवत होता, एवढं खरं.

१८५५ साली बुर्साला भूकंपाचे मोठे धक्के बसले. येशिल जामीला तडे गेले, बरीच पडझड झाली. १८६० च्या दशकात लिओं पार्विये हा फ्रेंच वास्तुकार दुरुस्तीसाठी आला. पुन्हा बाहेरचाच माणूस. त्यानं काम करता करता मापं घेतली, नक्षीचे तक्ते रंगवले आणि १८७४ साली त्यांचं पुस्तक पॅरिसमध्ये छापलं. समोरच्या कबरीच्या बाहेरच्या निळ्या फरश्याही बहुतेक भूकंपानंतरच्या, कुताह्या गावच्या भट्ट्यांतल्या आहेत. मूळ फरश्या पाहायच्या तर आत जायला हवं. २०१४ साली बुर्साची ही जुनी ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत गेली.

जायचं असेल तर थोडं व्यवहाराचं. इस्तंबूलहून बुर्साला बोटीनं किंवा बसनं दोन-तीन तासांत पोचता येतं, पण सकाळी जाऊन संध्याकाळी परतायची घाई करू नका. एक रात्र राहा. मशीद नमाजाची आहे, तेव्हा नमाजाच्या वेळा टाळून जा. पायातले जोडे काढायचे, बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यायची. आत गेल्यावर लगेच फोटो काढू नका. हौदाच्या काठाशी पाच मिनिटं उभं राहा, डोळे अंधाराला सरावले की मगच रंग वर येतात. आधी महिरप पाहा आणि मग वळून पाठीमागची सुलतानाची बैठक. बहुतेक लोक वळायचं विसरतात आणि नक्काश अलीला न भेटताच परत जातात. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे काम द्या : इमारतीत दोन्हीकडची नक्षी तंतोतंत सारखी नाही अशी जागा शोधून काढा. बाहेर पडल्यावर साखरेत मुरवलेले चेस्टनट घ्या, ती बुर्साची खासियत. डब्यात ते महिनाभर टिकतात, आमच्याकडे दोन दिवस टिकले.

या वर्षी आमच्याही घरात खोकी येऊन पडली आहेत. बहुतेक जूनमध्ये निघू. तेव्हा पुढच्या दिवाळीला हे सदर दुबईतून येईल की रत्नागिरीतून, हे आज सांगता येत नाही. नकाशे काढायचं सोडणार नाही. तिथे ओळखीच्या एका गवंड्याच्या पोरांना संगणकावर नकाशा काढायला शिकवायचं मनात आहे. आणि एक ठरवलंय. रत्नागिरीचं घर दुरुस्त करायचं आहे, त्याच्या ओटीवर कोबा ओला असताना काम करणाऱ्या प्रत्येकाला खिळा द्यायचा. नाव लिही, गाव लिही, काय वाटेल ते लिही. त्यावर फरशी बसवणार नाही.

तुमच्या ताटाभोवतीची महिरप यंदा कुणी काढली, तिलाही कोपऱ्यात सही करू द्या. सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा.